टाकीवरचे अकरा पोलादी

त्या यादीखाली सही माझी होती. म्हणून संताप आधी माझाच आला, साहेबांचा नंतर.

साहेबांच्या कारखान्यात जुन्या लोखंडी खाटा, दारं, कपाटं यांचा रंग उतरवतात. माल द्रावणाच्या टाकीत बुडवला की पाच मिनिटांत रंगाची सालं निघतात. वास गोडसर, पण डोकं भणभणतं. तिघं चक्कर येऊन पडले, तेव्हा हवा ओढून घेणारा मोठा पंखा बसवायचा सोडून साहेबांनी सगळ्यांचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज नावाची एन्झाइमं शरीरात शिरलेलं विष बाहेर घालवायला मदत करतात, आणि त्यांतल्या एकाचं जनुक काही जणांत जन्मापासूनच नसतं. ज्यांच्यात आहे ते टाकीवर, बाकीचे तयार माल बांधायला बांधणीत, असा त्यांचा हिशेब. मी तपासलं, तक्ता भरला, सही ठोकली. टाकीत द्रावण कुठलं आहे, एवढं विचारायची अक्कल मला झाली नाही.

अकरा जणांत जनुक निघालं. माझा थोरला भाऊ त्यांतलाच. सगळे त्यांना 'पोलादी' म्हणायला लागले, आणि हे शहाणे छाती फुगवून मास्कशिवाय टाकीवर वाकायला लागले. वहिनीही तिथेच कामाला. तिच्यात जनुक नव्हतं, म्हणून तिला बांधणीत टाकलं. दादा तिला जेवताना 'कच्चं मडकं' म्हणून चिडवायचा.

परवा त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले आणि द्रावणाच्या पिंपावरचं नाव वाचलं. डायक्लोरोमिथेन. तशीच मागे फिरले. प्रयोगशाळेत परतून पुस्तकं उपसली. बाकी विषांचं काही असो, या द्रावणाला हेच एन्झाइम पेशीच्या आत जास्त घातक बनवतं. म्हणजे मी अगदी निवडून निवडून चुकीची माणसं टाकीवर उभी केली होती.

तडक साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत," साहेब म्हणाले. "सोपं आहे. यादी उलटी करू. बांधणीतले टाकीवर, टाकीवरचे बांधणीत."

"अहो, ती वाफ सगळ्यांच्याच छातीत जातेय! जनुक नसलेला माणूसही बेशुद्ध पडतो, जिवाला मुकतो. पंखा बसवा."

"त्यासाठी आठवडाभर काम बंद ठेवावं लागेल. तुम्ही रक्ताचं बघा. नवी यादी द्या."

दादा दारातून ऐकत होता. "माझी बायको टाकीवर येणार नाही," तो म्हणाला. "माझं नाव आहे तिथेच राहू दे. माझं जे व्हायचं ते होईल."

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तूच लिहून दिलंस ना, मी पोलादी म्हणून?"

 हे ऐकून साहेब खुलले. "बघा, माणूस स्वतःहून तयार आहे!" त्या क्षणी त्यांच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं.

आवाज ऐकून वहिनी बांधणीतून आली होती. साहेबांकडे तिने बघितलंही नाही.

"जे व्हायचं ते होईल म्हणे!" ती दादावर कडाडली. "मला विचारलंत? तुम्ही तिकडे वाकून विष ओढणार आणि मी इकडे दोऱ्या बांधत बसू?"

ती सरळ टाकीकडे चालायला लागली. आम्ही सगळे तिच्यामागे. टाकीचं पत्र्याचं झाकण भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. तिने एक टोक धरून ओढलं, पण एकटीला ते हलेना. मी दुसरं टोक धरलं.

"हात लावू नका!" साहेब ओरडले. "ऑर्डर आहे आज!"

दादा टाकीला पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला व्हा," वहिनी म्हणाली.

"अगं, नोकरी जाईल दोघांची."

"जाऊ दे. सरकताय, का तुमच्यासकट झाकू?"

दादा आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला.  मग तो सरकला, आणि आम्हा दोघींना पेलत नाही असं बघून मध्ये खांदा घालून झाकण त्यानेच उचललं.