चक्क्याच्या पंच्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. शिनोलीत साळुबाईंच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असतो. अंगावरचे रश्श्याचे डाग बघून नाक मुरडू नका, आधी माझं ऐका.

धर्माजींनी मला घोडेगावच्या बाजारातून आणलं ते स्वतःच्या खांद्यावर टाकायला. पण त्यांच्या घरधनिणीनं, साळुबाईंनी, मला बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "लई मऊ हाय. ह्यो चक्क्याला." झालं! धर्माजी बिचारे तसेच हिंडले. तेव्हापासून दर दसऱ्याला आणि पाडव्याला भुरी नावाच्या म्हशीच्या दुधाचं दही माझ्यात बांधलं जाई. गाठ सुटली की त्यांचा लेक भरत मला चिकटलेला चक्का बोटानं निपटून खाई. काय मिरवलो मी तेव्हा!

पुढे भरत नोकरीला लागला आणि त्यानं वारूळवाडीत बिऱ्हाड केलं. दोन हजार तीन सालच्या एकतीस डिसेंबरला साळुबाई त्याच्याकडे गेल्या, भुरीच्या दुधाची किटली घेऊन. किटलीचं तोंड माझ्यानंच बांधलं होतं.

त्या संध्याकाळी गच्चीवर भरतच्या साहेबांना पार्टी होती. सून आरतीला टीव्हीवर पाहिलेले चीजचे गोळे करायचे होते. पनीर मळायचं, त्यात चीज आणि मिरची घालायची, गोळे कोथिंबिरीत घोळवायचे, वर डाळिंबाचे दाणे. पण दुकानातलं पनीर सकाळीच संपलं होतं.

"आत्या, ह्या दुधाचं करूया ना," ती सासूला म्हणाली.

साळुबाई चरकल्या. "न्हाई गं बाई! दुभत्याचं दूध जाणून नासवू नये, म्हशीला बाधतं. आमच्या घरात कुणी केलं न्हाई."

"एवढ्या बारी करा. न्हाईतर साहेबांपुढं ह्यांची शोभा होईल. मी सगळ्यांना सांगीन, आमच्या आत्यांच्या हातचं हाय म्हणून."

साळुबाई विरघळल्या. उकळत्या दुधात लिंबू पिळताना पुटपुटल्या, "भुरे, माफ कर गं." नासलेलं दूध त्यांनी माझ्यात ओतलं, वर भरलेली कळशी ठेवली. माझा धागा न् धागा ताणला, पण मी हूं की चूं केलं नाही. पनीर असं उतरलं, लोण्यासारखं!

संध्याकाळी साळुबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. मला धुऊन गोळ्यांच्या ताटावर झाकलं आणि ताट स्वतः गच्चीवर नेलं.

साहेबांच्या मॅडमनी एक गोळा तोंडात टाकला. "अगं बाई, किती छान! घरगुती पनीरला वास येतो, मी खातच नाही. हे कुठलं?"

साळुबाईंनी पदर सावरला. आता सून नाव घेणार!

"पुण्याहून मागवलंय. खास," आरती म्हणाली.

मॅडमनी भरतकडे पाहिलं. माझ्यावरचा चक्का निपटून वाढलेला हा पोरगा. तो हसला. "हो ना. मीच आणलं."

साळुबाईंच्या मुठीत मी चुरगळलो. संताप संताप झाला माझा! परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. साळुबाई खाली निघून गेल्या आणि जाताना मला कठड्यावर विसरल्या. मग कुणाच्या हातून रस्सा सांडला. आरतीनं मला ओढलं, फरशी पुसली आणि मोरीत फेकलं. गरज सरो, वैद्य मरो!

सकाळी साळुबाईंनी मला मोरीतून उचलून पिशवीत घातलं. शिनोलीत उतरल्यावर घरात न जाता त्या आधी गोठ्यात शिरल्या. भुरी ठणठणीत होती. तिच्या मानेवर डोकं टेकवून साळुबाई पोटभर रडल्या.

पाडव्याला भरत आला. खुंटीवर मला कोरडा बघून म्हणाला, "आई, चक्का टांगला न्हाई व्हय?"

साळुबाईंनी चुलीवरून मान वळवली नाही. "पुण्याहून मागव की बाबा. खास."

भरत मान खाली घालून उंबऱ्यात बसून राहिला. त्या सणाला त्या घरात श्रीखंड झालं नाही.

मित्रांनो, माझे डाग कधीतरी साबणानं जातीलही. पण ज्या हातचं खाता, त्या हाताचं नाव चारचौघांत घ्यायला लाजू नका. एवढंच मागतो.