जाड नव्हे, दाट

मित्रांनो, मी एक जुनी बिजागरी आहे. दाराचे कौतुक सगळे करतात. ते उघडते माझ्यामुळे, हे कोणाच्या ध्यानीही नसते.

माझे अंग पोलादी. त्यावर जस्ताचा मुलामा चढवायला मला वहिनींच्या छोट्या कारखान्यात आणले. दवाखान्यातल्या न्हाणीघरांच्या दारांसाठी दोन हजार बिजागऱ्या हव्या होत्या. आधी आम्ही नमुन्याच्या सहा जणींनी खारट धुक्याच्या पेटीत दहा दिवस न गंजता काढायचे, तरच ते काम मिळणार होते. नाहीतर कारखान्याला कुलूप लागणार होते.

नेमकी मुलामा चढवायच्या दिवशीच वहिनींची दाढ सुजली. गालाला फडके बांधून त्या दिरांना म्हणाल्या, "भावजी, मुलामा दाट हवा." भावजींना ऐकू आले, 'जाड'. झाले! त्यांनी टाकीतला विजेचा प्रवाह भसकन वाढवला. जस्त घाईघाईने अंगावर चढले. मी अशी गुबगुबीत झाले की स्वतःवरच भाळले.

पेटीत तिसऱ्याच दिवशी माझ्यावर तांबडे डाग उमटले.

वहिनींनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले. "भावजी, बघा! हे जस्ताचे कण आहेत की लग्नात रुसलेले पाहुणे? जो तो फटकून उभा. मधल्या फटींतून मिठाचं पाणी थेट पोलादापर्यंत जातंय."

"पण वहिनी, तुम्हीच जाड म्हणालात."

"दाट म्हणाले मी, दाट!"

"मग तुमची दाढ बोलली असेल."

वहिनी हसल्या आणि लगेच गाल धरून कळवळल्या.

दवाखान्याने आणखी एकच संधी दिली. आम्हाला आम्लात बुडवून मुलामा उतरवला. मित्रांनो, चारचौघांत अंगावरचे लुगडे फेडल्यासारखे वाटले हो! मग मंद प्रवाहावर नवा मुलामा सुरू झाला. बटणाला हात लागू नये म्हणून भावजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. या वेळी कण बारीक आले आणि एकमेकांना खेटून बसले. मुलामा आधीच्या निम्माही नव्हता. आता आपले काही खरे नाही, असे मला वाटले.

दहा दिवस झाले. डाग नाही! वहिनींना काम मिळाले. भावजींनी आनंदाच्या भरात मलाच कपाळाला लावले.

तेव्हापासून वीस वर्षे मी दवाखान्यातल्या न्हाणीघराच्या दारावर वाफ, साबण आणि धाडकन दार आपटणारी माणसे सोसते आहे. परवा नव्या सफाईवाल्या ताई मला चकचकीत करायला तारेची घासणी घेऊन आल्या. मी जिवाच्या आकांताने करकरले. "अगं बाई, हिला तेल हवंय वाटतं," म्हणत त्या घासणी ठेवून तेल आणायला गेल्या.

म्हणून सांगते, मित्रांनो, आम्हाला पुसायचे तर मऊ फडक्याने पुसा. सगळे कण कसे दाटीवाटीने बसले आहेत. त्यांना उगाच उठवू नका.