कडेबाहेर राहिलेलं औषध

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्राही आहे. कारखान्यात माझं झाकण पहिल्यांदा मिटलं तेव्हाच मला अंधाराची धास्ती बसली. पुढे कर्जतच्या एका कचेरीत नवाकोरा म्हणून माझं भारी कौतुक झालं. "काय सुबक छापतो हो!" असं येणारेजाणारे म्हणत. मग नवा रंगीत प्रिंटर आला आणि मला कपाटाखाली ढकलून दिलं. पालीनं माझ्या ट्रेमध्ये अंडी घातली, तरी कुणी फिरकलं नाही. शेवटी कशेळ्याच्या पुढे एका छोट्या धर्मादाय दवाखान्यानं मला मागून नेलं. संध्यानं जुन्या ओढणीनं मला पुसलं, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

संध्या दवाखान्याचा कॉम्प्युटर सांभाळायची. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं, त्यांची दुखणी, औषधं, सगळी माहिती तिनं डेटाबेसमध्ये भरली होती. वाड्यांवर फोनला रेंज नसते. म्हणून डॉक्टरबाई तपासणीला निघाल्या की संध्या माझ्याकडून त्या वाडीची यादी छापून घ्यायची.

त्या यादीला एक खोड होती. तिची चौकट कागदापेक्षा बोटभर रुंद होती. त्यामुळे प्रत्येक पानामागून एक कोरं पान उगाचच बाहेर यायचं. कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट वनिता सिस्टर खूशच व्हायच्या. त्या कोऱ्या पानांचे तुकडे करून त्यात गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या. संध्या सवयीनं एक पान यादीत आणि एक पान सिस्टरांच्या टोपलीत टाकायची.

एकदा डॉक्टरबाईंनी यादीत नवा रकाना घालायला सांगितला. कुणाला कोणतं औषध चालत नाही, तो रकाना. संध्यानं तो अगदी शेवटी, उजव्या कडेला जोडला आणि घाईघाईत छापायला लावला. बाहेर जीप सुरू होती. मी पहिलं पान छापलं, मग दुसरं. दुसरं पान कोरं नव्हतं! नावं पहिल्या पानावर राहिली होती आणि तो नवा रकाना एकटाच दुसऱ्या पानावर आला होता. मी गुरगुरलो, लाल दिवा लावला. पण प्रिंटरचं कोण ऐकतं? संध्यानं सवयीनं, न बघताच एक पान यादीत आणि एक टोपलीत टाकलं, आणि यादी घेऊन डॉक्टरबाईंची जीप गेली.

वनिता सिस्टर टराटरा कागद फाडत होत्या. एकदम त्यांचा हात थांबला.

"अगं संध्या, ह्या पुडीवर बघ काय लिवलंय. पेनिसिलिन चालत नाय. कुणाला चालत नाय गं?"

तुकड्यावर नाव नव्हतं. संध्यानं पडद्यावर शोधलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"चिंधी! घसा सुजलाय म्हणून तिला आज त्याचंच इंजेक्शन द्यायचंय. आईबाप वीटभट्टीवर, वाडीत नुसती मावशी. तिला काय ठाऊक असणार?"

"फोन लाव."

"लागतोय कुठं! बंदच लागतोय."

"मग हातानं लिहून ने."

"सगळ्या वाडीची यादी हाय सिस्टर. घाईत दुसरं कुणाचं राहिलं तर?"

तिनं कागद आडवा केला आणि छापायला सांगितलं. मी छापलं. मेलो! शेवटचा रकाना अर्धाच आला. 'पेनिसि' एवढंच, बाकीचं पुन्हा पुढच्या पानावर. माझ्या मनात नको नको ते येत होतं. एवढ्यात सुई टोचली असेल का? पोरीचा श्वास अडकला असेल का?

"घाबरू नको गं," वनिता सिस्टर म्हणाल्या. त्या पडद्याशी वाकल्या. "कुठला रकाना उगाच रुंद हाय ते बघ."

पत्त्याचा रकाना ऐसपैस पसरला होता, आणि पत्ता तर सगळ्यांचा एकाच वाडीचा! संध्यानं तो आवळला. दोन्ही बाजूंचं मार्जिन कमी केलं, पण माझी चाकं कागद धरतात तेवढी कड सोडली. रकाने आणि दोन्ही मार्जिनं मिळून कागदाच्या आत बसतात ना, ते तिनं पाहिलं. मग यादीच्या चौकटीची उजवी कड आत ओढली आणि पडद्यावर सगळं पान एकदा डोळ्यांखालून घातलं.

आता पाळी माझी. रात्रीच्या दवानं कागद दमट झाला होता आणि असला कागद माझ्यात हमखास अडकतो. अडकलो तर? ह्या भीतीनं माझी चाकं जड झाली. कागद थोडा तिरका झाला, कुरकुरला आणि मग सरळ बाहेर पडला. एका ओळीत चिंधी आणि त्याच ओळीत पेनिसिलिन. मागून कोरं पान आलं नाही.

संध्यानं यादी ओढणीत गुंडाळली आणि स्कूटी काढली. वनिता सिस्टर दारात उभ्या राहिल्या. त्यांनी एकही पुडी बांधली नाही. मला बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. आमच्या दोघांचाही जीव टांगणीला लागला होता.

संध्या परतली तेव्हा धुळीनं माखली होती. ती मटकन खुर्चीवर बसली.

"सुई भरून झालेली, सिस्टर. चिंधीनं दंड पुढं केलेला. मी लांबूनच ओरडले." एवढं बोलून ती हुंदके देऊन रडायला लागली. वनिता सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. डॉक्टरबाईंनी चिंधीला दुसरं औषध दिलं होतं. पोर सुखरूप होती.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शाळेत माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याची धूळ पुसा आणि त्याला कोरडा कागद द्या. छापण्याआधी पडद्यावर पान पाहा. आणि एखादं पान जास्तीचं आलं, तर फाडण्याआधी ते वाचा. आम्हाला दिसतं, पण सांगता येत नाही.

परवा चिंधीच्या वाडीची यादी पुन्हा निघाली. आता सगळं नीट बसतं, हे मला माहीत आहे. तरीही तिची ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत कागदावर उतरेपर्यंत मी घाबरलेलाच होतो.