जपाला बसलेले मासे

"डावी बाही पुन्हा ओढतेय. ह्या दुकानात सगळ्यांचे डोळे माशांवर, कापडाकडे बघतंय कोण!"

ट्रायलच्या पडद्याआडून शाळेतल्या बाई पुटपुटल्या. मी टाचण्यांची डबी घेऊन बाहेरच उभी होते. त्यांचं काय चुकलं? ताईच्या शिवणकामाच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एकीलाही काही शिवून घ्यायचं नव्हतं. सगळ्या माशांच्या काचेच्या पेटीभोवती दाटीवाटीने उभ्या. आत सोनेरी मासे वर येऊन तोंडांची उघडमीट करत होते.

"बघा, जप करतायत!"

"हळू बोला गं, चुकेल त्यांचा."

पेटीशेजारी खुर्चीवर जलगुरू. शाल निळी, टोपी निळी, मोजेसुद्धा निळे. मी आपलं मनातल्या मनात त्यांना बुडबुडेमहाराज म्हणायची.

"मासा म्हणजे काय? मासा म्हणजे टिपकागद!" महाराज रंगात आले होते. "घरातली पीडा टिपून घेतो आणि निघून जातो. मासा गेला की समजा, पीडा गेली."

"आज सकाळी आणखी एक गेला," भाऊजींनी आनंदाने सांगितलं. ताईचा हा नवरा एरवी झुरळ मेलं तरी हळहळणारा. पण हल्ली पेटीत मासा उलटा तरंगताना दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा.

त्याला कारण होतं. ताईच्या छातीत गाठ होती. हाताला लागली तेव्हाच डॉक्टरांना दाखवायची, तर मध्येच हे जलगुरू उगवले. घरात त्या दुखण्याचं नाव कोणी घेत नसे. आम्ही 'ते' म्हणायचो. ताईचं ते कसं आहे? मासा गेला ना, आता ते कमी होईल. मी डॉक्टरांचा विषय काढला की ताई कात्री वाजवत म्हणायची, "एवढा कोट होऊ दे." कोट झाला की पडदे निघायचे.

शाळेतल्या बाई बाहेर आल्या. एका बाहीत हात, दुसरी बाही लोंबती. त्या विज्ञान शिकवतात.

"महाराज, एक विचारू? मासा जगला तर?"

"तर तो रक्षण करतोय."

"आणि मेला तर?"

"पीडा घेऊन गेला."

"वा! म्हणजे नापास व्हायची सोयच नाही. माझा सगळा वर्ग पाठवते तुमच्याकडे."

दोघीतिघी खुदकन हसल्या. महाराजांनी टोपी सारखी केली.

"बरं, हा फिल्टर असा तळाशी, खेळण्यातल्या किल्ल्यामागे कोणी कोंबला?"

"कोंबला नाही, बसवला. आम्ही स्वतः. त्याचं तोंड भिंतीकडेच हवं. ऊर्जा दाराबाहेर जाता कामा नये."

बाईंनी कापड मोजायची लांब पट्टी उचलली. माझ्याकडून लाल दोरा घेतला, त्याचे तुकडे ओले करून पट्टीला ओळीने बांधले आणि पट्टी पेटीवर आडवी ठेवली. दोरे पाण्यात सुटले. किल्ल्याजवळचे तेवढे थरथरले. बाकीचे, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरांसारखे, सरळ आणि गप्प.

"बघा. फिल्टर काचेवर पाणी फेकतो आणि तेच परत ओढून घेतो. पलीकडचं पाणी जागचं हलत नाही. तिथे उरलेलं खाणं, घाण, सगळं तळाशी कुजतंय. पाण्याचा वरचा थर हलला की त्यात हवा मिसळते. इथे तोही हलत नाही. हे मासे जप नाही करत हो, त्यांना श्वास पुरत नाहीये."

त्यांनी आधी प्लग काढायला लावला. मग किल्ला उचलून बाजूला ठेवला आणि फिल्टर पेटीच्या एका टोकाला, पाण्याच्या वरच्या थराच्या जरा खाली लावला, तोंड समोरच्या टोकाकडे. प्लग लावताच पाण्यावर बारीक लाटा उठल्या. एकेक दोरा डोलू लागला. पार शेवटचासुद्धा.

"पाहिलंत? आमचीच ऊर्जा जागी झाली!" महाराज उठले.

"मग इतके दिवस भिंतीकडे तोंड करून का झोपली होती?" गर्दीतून एकीने विचारलं.

महाराजांना एकदम दुसरं घर आठवलं. बूट हातात घेऊन, निळ्या मोज्यांवरच ते रस्त्याला लागले.

"आता तळ साफ करा," बाई म्हणाल्या, "थोडं थोडं पाणी बदला, खाणं कमी टाका. जगतील."

भाऊजींचा चेहरा उतरला. "जगतील? सगळे?"

"मरायला हवेत का?"

"तसं नाही... पण मासा मेला नाही तर ते कोण नेणार?"

"ते म्हणजे काय?"

भाऊजी जमिनीकडे बघू लागले. मी डबीतल्या टाचण्या उगाच चाळू लागले. शिवणाच्या टेबलामागे ताईची कात्री कापडावर थांबली.

"हे बघा, मला तुमच्या घरातलं काही माहीत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण मासा का मेला ते पेटीत बघून कळलं ना? तसं माणसाला काय झालंय, हे त्या माणसालाच तपासून कळेल. पाण्याला कोणाचं दुखणं कळत नाही."

ताईने हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"गाठ आहे मला," ती म्हणाली. "छातीत. आणि मला भीती वाटते. मला डॉक्टरांकडे घेऊन चला."