ढेकीखालचा हात

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पण गोंदियाजवळच्या दवनीवाड्यात दुधरामचं लेकरू तापानं गेलं, तेव्हा लोकांनी कारण शोधलं ते वच्छलाबाईत. विधवा बाई, एकटी राहते, स्वतःशीच काहीतरी पुटपुटते. तिनं लेकराला मूठभर पोहे दिले होते. तेवढ्यावरून ती जादूवाली ठरली.

"तिच्यासंगं धान कांडाले जाऊ नोको," रुख्माला सासूनं, देवकाबाईनं बजावलं. "आज माणसं तिचं मुंडन करून गावाबाहेर काढतीन."

पण गावातल्या नंदाबाईच्या घरी लग्न होतं, धान कांडायचं पडून होतं. धान कांडायच्या ढेकीला दोघी लागतात. एक मागं उभी राहून लाकडाची शेपटी पायानं दाबते, की पुढचं जड मुसळ वर उठतं. तेवढ्यात दुसरी उखळात हात घालून धान सारते. शेपटी दाबायला नेहमीची वच्छला आली, पण तिच्यासोबत बसायला कोणी तयार होईना. शेवटी नंदाबाई स्वतः येऊन रुख्माला घेऊन गेली.

मुसळ उठलं, रुख्मानं हात घातला, काढला. धप्प. पुन्हा घातला. रोजचंच काम, पण आज तिची नजर मुसळावरून हटेना. ही खरंच तशी असली तर? नुसता पाय उचलला की हाताचा चुरा! वच्छलेचे ओठ हलत होते. मंत्र तर नसेल? रुख्मानं अर्धा घातलेला हात मागं घेतला.

"काऊन हात आखडून राहिली?" वच्छला म्हणाली. "मी ठेका मोजून राहिली. मोजला नाई तर पाय चुकते."

बाहेर गलका झाला. रुख्माचा हात उखळात होता, तेवढ्यात दारातून दगड आला आणि वच्छलेच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. ती झोकांडली, आधाराला वर टांगलेली दोरी दोन्ही हातांनी गच्च धरली. पण शेपटीवरचा पाय तिनं हलू दिला नाही.

"हात काढ, पोरी."

रुख्मानं हात ओढून घेतला. मुसळ आदळलं आणि वच्छला खाली कोसळली.

दारात माणसं उभी होती. पुढं दुधराम, हातात दुसरा दगड. रुख्मा उठून वच्छलेच्या आडवी उभी राहिली. "तिनं दगड खाल्ला, पण पाय नाई उचलला. माहा हात वाचवला. ते कोणाचं वाईट कायले करन?"

नंदाबाई पुढं झाली. "दुधराम, पोहे खायच्या आधीपासूनच लेकराले ताप होता ना? गोंदियाच्या दवाखान्यात काऊन नाई नेलं?"

"मांत्रिक म्हणे, बाहेरचं हाय."

"मंग लेकरू कोणाच्या पायी गेलं, ते बोलाले माही जीभ रेटत नाई. पण हिच्या पायी नाई गेलं."

दुधरामच्या हातातला दगड गळून पडला. तो उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडू लागला. मागची माणसं एकेक करून निघून गेली.

घरी आल्यावर रुख्मानं सगळं सांगितलं. देवकाबाई उठली. मग चुलीवर हळद गरम केली आणि म्हणाली, "चाल, मी बी येतो. तिच्या कपाळाले लावून देऊ."

वाचकहो, तुमच्याही गावात अशी एखादी एकटी बाई असेल. तिच्याविषयी कोणी भीती घातली, तर तो का घालतो ते आधी विचारा. आणि घरात ताप आला, तर मांत्रिकाचं नव्हे, दवाखान्याचं दार ठोठावा. रुख्मा पुढेही पुष्कळ दिवस दचकायची. पण वच्छलेला पाहून नव्हे; दाराशी माणसांचा घोळका जमला, की दचकायची.