भिंतीपलीकडचा बास

ज्या वर्षी झिवान बाराच्कोवच्या थोरल्या लेकीला, ल्युबिंकाला, जुळे मुलगे झाले, त्याच वर्षी, म्हणजे १९७२ च्या सप्टेंबरात, झिवानच्या बँडला रेकॉर्ड काढण्यासाठी नोवी सादहून बोलावणं आलं. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात आल्या. झिवान तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. आठवडाभर साखर कारखान्यात बीट धुण्याच्या हौदावर उभा राहायचा आणि शनिवार-रविवार लग्नांत बास गिटार वाजवायचा.

तिसा नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्या बासचं नाव होतं. तो कानात शिरत नसे, खुर्चीच्या पायांतून वर चढे. मांडवात टेबलावर ठेवलेल्या प्लम दारूच्या पेल्यांत बारीक वर्तुळं उठत आणि ज्या म्हाताऱ्या दोन काठ्यांवर आलेल्या असत, त्या एक काठी टाकून उभ्या राहत. पण बासवाल्याचं नशीब असं, की लग्नाच्या फोटोत तो कडेला अर्धा कापलेला असतो आणि रेडिओवर तर आलेलाच नसतो. आजवर झिवानचा एक सूरही कुठल्या टेपवर उमटलेला नव्हता.

जुळ्यांची बातमी आली त्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "कोसे, ही पोरं उद्या विचारतील, आजा काय वाजवायचा? काय दाखवू? बीट धुऊन सुजलेले हात?"

कोसारा म्हणाली, "आता रेकॉर्ड दाखव."

त्या दिवसापासून तीही त्या रेकॉर्डच्या तयारीला लागली, आणि तिथेच घोळ झाला.

बनातात, म्हणजे तिसेकाठच्या त्या मुलखात, बासच्या नव्या तारा कधी मिळायच्या, तर कुणी सीमेपलीकडे त्रिएस्तच्या बाजाराला गेलं तर. म्हणून तिकडचे बासवाले जुन्याच तारा दर दोन-तीन महिन्यांनी धुण्याचा सोडा घालून उकळून काढत. उकळल्या की त्या पुन्हा झणझणीत वाजत. हे काम बायकांचं. मुरंब्याच्या पातेल्यात मुरंबा नसला की तारा. एकटा झिवान उकळू द्यायचा नाही. त्याच्या तारा अकरा वर्षांच्या होत्या. अकरा वर्षांचा घाम, लग्नातल्या भाजलेल्या डुकराची चरबी, मांडवातली धूळ, सगळं त्यांत मुरलं होतं, आणि त्यातूनच त्याचा तो जाड, गोल सूर निघे. पण हे त्याने कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. कोसाराने विचारलं की नुसतं म्हणायचा, "राहू दे." तिला वाटायचं, आळशी आहे.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तो कारखान्यात असताना तिने ड्रमवाल्याच्या बायकोला हाताशी घेऊन तारा उतरवल्या, सोड्याच्या पाण्यात तासभर उकळल्या, फडक्याने पुसल्या आणि पुन्हा चढवल्या. गिटार खोक्यात घालून वरून दोरी आवळली. झिवान घरी आला आणि पहाटेच्या बसच्या काळजीने लवकर झोपला.

सकाळी सगळा बँड नोवी सादला निघाला. कोसाराही सोबत होती. स्टुडिओचं काम आटोपलं की दोघं लेकीकडे जाणार होती. तिने टोपलीत पाव, कांदे, पेपरिका आणि खारवून धुरावलेल्या डुकराच्या चरबीचा भलामोठा तुकडा घेतला होता. त्या चरबीला तिकडे स्लानिना म्हणतात, आणि तिच्याशिवाय बनातचा माणूस गावाची वेस ओलांडत नाही.

स्टुडिओ म्हणजे दान्यूबकाठचं पिठाचं जुनं गोदाम होतं. आत एक मोठी खोली, काचेपलीकडे यंत्रांची खोली आणि मागे लांबलचक अरुंद बोळ. यंत्रांपाशी लायोश नावाचे साठीचे मग्यार, म्हणजे हंगेरियन, गृहस्थ बसत. बोलणं कमी, सिगारेटी फार. रेकॉर्ड कंपनीचे साहेब होते तोमानोविच. त्यांचं बोलणं फार, आणि ते सगळं घड्याळाकडे बघत.

झिवानने खोकं उघडलं. तारा चांदीसारख्या लखलखत होत्या.

"बघ कशा चमकतायत!" कोसारा मागून म्हणाली. "रेकॉर्डला जातोय माझा नवरा, कळकट तारा घेऊन जाईल होय?"

झिवानने अंगठ्याने एक तार छेडली, ती टिनासारखी झणझणली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ठेवणीतला रुमाल बांधलेली, गाल लाल झालेले, वीस वर्षांपूर्वी नाचायला उभी राहायची तशी ती दिसत होती.

"छान आहेत," तो म्हणाला, आणि तारा सुरात लावायला बसला.

पहिलं वाजवणं झालं. मिता सेकुलिन हा बँडचा गायक, अकॉर्डियनही तोच वाजवायचा. गाणं तिसेवरच्या नावाड्याचं होतं आणि मिताचा गळा लागला होता. पण काचेपलीकडून तोमानोविच बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"हा बास आहे की चमच्यांचा खण? नुसता खडखडाट! आणि खाली काहीच नाही, पोकळ."

"झिवान, काय झालंय तुला?" मिता कुजबुजला. "लग्नात भिंती हलवतोस, आणि इथे टिनाचा डबा वाजवतोस?"

दुसऱ्यांदा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं. लायोशनी मायक्रोफोन पुढे नेला, मागे नेला, ॲम्प्लिफायरवर घोंगडी टाकली. खडखड थोडी दबली, पण पोट काही भरेना. शेवटी तोमानोविचनी हात झटकले.

"रेडिओच्या वाद्यवृंदातले ऑगस्टिन आजोबा अडीच वाजता तालमीतून सुटतात. ते त्यांचा माणसाएवढा उभा बास घेऊन येतील आणि गाण्यात तोच घालू. मी फोन करतो. वाईट वाटून घेऊ नका हं, लग्नाचं वाजवणं वेगळं आणि रेकॉर्डचं वेगळं."

घड्याळात साडेबारा झाले होते. झिवानने गिटार भिंतीला टेकवून ठेवली. अठरा महिन्यांच्या पोराच्या हातून कोणी खेळणं काढून घ्यावं, तसा तो उभा होता. मिता जमिनीकडे बघत राहिला. मैत्री असली तरी रेकॉर्ड सगळ्यांचीच होती.

लायोश सिगारेट ओढत गिटारपाशी आले आणि वाकून त्यांनी तारांवरून बोट फिरवलं.

"नव्या का?"

"नव्या कुठल्या!" कोसारा अभिमानाने म्हणाली. "अकरा वर्षांच्या आहेत. काल मी सोडा घालून उकळल्या."

लायोशनी झिवानकडे पाहिलं, झिवानने खिडकीकडे. कोसाराने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"माझ्यामुळे?"

"तसं नाही ग..."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढी खूश होतीस."

"गाढवा!" कोसारा ओरडली. "बावीस वर्षं रस्सा खारट झाला की सगळ्या गल्लीला सांगतोस, आणि आज तोंड शिवून बसलास? ह्या एका दिवसासाठी?" तिचे डोळे भरून आले होते, पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. रुमालाची गाठ तिने घट्ट केली. "सांग, काय होतं त्या तारांत जे मी उकळून टाकलं?"

"घाम," झिवान म्हणाला. "चरबी. मळ."

"एवढंच ना? मळ काय, मी परत घालते."

तिने टोपलीतून स्लानिना काढली, सालीकडून जाड काप कापला आणि हातात दाबून मऊ केला. मग गिटार मांडीवर घेऊन, कणसाला लोणी लावावं तशी, एकेका तारेवरून वरपासून खालपर्यंत ती चरबी घासली. वेढ्यांच्या खाचांत ती बोटाने चेपून बसवली. मग खडखड दबावी म्हणून टोपली झाकायच्या फडक्याची पट्टी फाडून, तारा जिथे खाली अडकतात तिथे त्यांच्याखाली सरकवली.

"अहो बाई, हे वाद्य आहे, जेवण नाही!" तोमानोविच म्हणाले.

"तुम्ही फोन करा साहेब," लायोश म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

झिवानने वाजवून पाहिलं. खडखडाट गेला होता. सूर गोल झाला, मऊ झाला, तोंडात विरघळल्यासारखा. मिता हसला. "आता कसा लग्नाचा वास आला!" पण काचेपलीकडे टेप ऐकल्यावर लायोशनी नकारार्थी मान हलवली. सूर चांगला होता, पण बारीक होता. मोठ्या माणसाला लहान खोलीत कोंबल्यासारखा.

"हा त्याचा आवाज नाही," कोसारा म्हणाली.

"तुम्हाला कसा माहीत?" लायोशनी विचारलं.

"मला नाही तर कुणाला? रोज तो पुढच्या खोलीत वाजवतो आणि मी मागे स्वयंपाकघरात असते. मध्ये भिंत. मला तो भिंतीपलीकडूनच येतो. फळीवरच्या बरण्यांची झाकणं गुणगुणायला लागली, की समजायचं आज बरा वाजवतोय."

लायोशची सिगारेट ओठांतच राहिली. ते उठले, मोठ्या खोलीचा बोळाकडचा दरवाजा त्यांनी हातभर उघडला आणि ॲम्प्लिफायर त्या फटीकडे तोंड करून ठेवला.

"वाजव रे," ते झिवानला म्हणाले. "आणि तुम्ही चला माझ्याबरोबर. जिथे तुमचं स्वयंपाकघर सापडेल, तिथे उभ्या राहा."

झिवान वाजवत राहिला. कोसारा बोळातून हळूहळू चालली. चार पावलांवर थांबली. "इथे नाही." पुढे गेली. "इथे तर काहीच नाही, कुठे गेला?" आणखी पुढे गेली. बोळाच्या टोकाला, कोपऱ्याच्या अलीकडे हातभर, ती एकदम उभी राहिली. तिने तळहात भिंतीला टेकवला, मग पोटाला लावला.

"इथे," ती म्हणाली. "इथे मी घरी आहे."

लायोश तिच्या जागी येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहराच बदलला. चाळीस वर्षं यंत्रांपाशी बसलेल्या माणसाला जाड सुराला पसरायला जागा लागते हे ठाऊक नसेल असं नाही. पण नेमकी जागा त्यांना बाईच्या पोटाने दाखवली. खिशातला खडू काढून त्यांनी भिंतीवर तिच्या कमरेएवढ्या उंचीवर फुली मारली आणि तिथेच दुसरा मायक्रोफोन लावला. बोळात घुमू नये म्हणून सगळ्यांचे कोट काढून दोरीवर टांगले, तोमानोविचचासुद्धा. जवळच्या मायक्रोफोनमधून बोटांचा सूर घेतला, लांबच्यातून पोट घेतलं, आणि दोन्ही एकत्र केले.

तीनला दहा मिनिटं असताना लाल दिवा लागला. मिताने श्वास घेतला, ड्रमवर दोन टोले पडले आणि झिवान सुरू झाला. ह्या वेळी त्याने कुणाकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि आपण पुढच्या खोलीत आहोत, मागे कोसारा कांदा चिरतेय, असं समजून वाजवलं. नावाडी निघाला, नदी त्याच्याखाली भरून वाहू लागली, आणि ती नदी म्हणजे झिवान होता.

शेवटचा सूर विरला तेव्हा काचेपलीकडे आणखी एक माणूस उभा होता. ऑगस्टिन आजोबा, उभ्या बासच्या पिशवीला मिठी मारून. ते केव्हा आले कुणाला कळलं नव्हतं. लायोशनी टेप मागे घेतली आणि मोठ्या स्पीकरवर लावली. टेबलावर तोमानोविचच्या कॉफीचा कप होता. पहिल्याच सुराला कॉफीत वर्तुळं उठली.

गाणं संपेपर्यंत ऑगस्टिन आजोबा हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी पिशवीचं सुटलेलं बटण लावलं.

"मला कशाला बोलावलंत?" ते तोमानोविचना म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात भिंत उभी असताना मी काय तिच्यापुढे कुडाची भिंत बांधू?" मग झिवानकडे वळून म्हणाले, "कुठल्या तारा लावतोस रे?"

"अकरा वर्षांच्या," झिवान म्हणाला, "आणि टोपलीतल्या डुकराच्या."

सगळे हसले. तोमानोविचही हसले, आणि त्यांनी टोपलीतल्या स्लानिनेचा एक काप मागून घेतला. कोसाराने त्यांना सगळ्यात जाड काप दिला. "खा साहेब. आज हिने बासचं पोट भरलं, तुमचंही भरेल."

रेकॉर्ड हिवाळ्यात आली. पाकिटावर मिताचा फोटो मोठा होता आणि झिवान नेहमीसारखाच कडेला, अर्धा. पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. गावच्या खानावळीत नाण्यावर वाजणारी पेटी होती. तिच्यात ती रेकॉर्ड टाकली की टेबलांवरचे पेले थरथरत, आणि न बघता लोक म्हणत, "झिवान आला." वसंतात पलीकडच्या काठावरचे बासवाले येऊन तारा कशा बनवतोस म्हणून विचारू लागले. बनातातल्या बायकांनी तारा उकळणं सोडलं नाही, पण उकळून झाल्यावर त्यांवर चरबी चोळायला त्या शिकल्या. स्टुडिओत लायोश पुढे कितीतरी वर्षं बासवाल्यांना बोळाच्या टोकाशी नेत आणि म्हणत, "मायक्रोफोन कोसाराच्या जागी लावू." ही कोसारा कोण, हे पुष्कळांना माहीत नव्हतं.

जुळे सहा वर्षांचे झाले तेव्हा झिवानने त्यांना खानावळीत नेलं, पेटीत नाणं टाकलं आणि दोघांचे तळहात टेबलावर टेकवले. "हा आजा," तो म्हणाला. थोरल्याने हात उचलून पोटाला लावला. आजीने कुठे हात लावला होता, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लायोश १९८१ मध्ये गेले. कोसारा बाराच्कोव १९८७ च्या नोव्हेंबरात वारली, आणि झिवान तिच्यामागून चार वर्षांनी, मार्च महिन्यात. त्या तारा तोवर तीस वर्षांच्या झाल्या होत्या आणि पुन्हा कधी उकळल्या गेल्या नव्हत्या.