निळ्या केसांचा राखणदार आणि माझी जवारी

मित्रांनो, आधी शपथ घेते. माझ्या तिन्ही तारांची शपथ, पोटावर ताणलेल्या मांजराच्या कातड्याची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या खुंट्या पिरगाळा.

मी एक जुनी शामिसेन आहे, तुमच्या सतारीची जपानी बहीण. वय शंभर पूर्ण. आमच्या क्योतोत लहान पोरालाही ठाऊक असतं, की वाद्याला शंभर वर्षं झाली की त्यात राखणदार येतो. माझ्यातही आलाय. म्हणून तर बोलतेय.

मला घडवणारा कारागीर कातडं ताणण्याआधी त्या मांजराची हात जोडून माफी मागायचा. मांजरानं माफ केलं नसावं. पावसाळ्यात मी अजूनही गुरगुरते.

पुढे मी शिगेनोबाईंच्या घरी आले. त्या शिकवणी घ्यायच्या. रोज वाजवून झालं की माझी मान मऊ फडक्यानं पुसायच्या, मला कागदात गुंडाळून पेटीत निजवायच्या. कातडं फाटलं की दुसऱ्या दिवशी नवं. त्यामुळे या वयातही मी नव्या नवरीसारखी चकचकीत. आणि माझी पहिली तार, मित्रांनो, मुद्दाम मानेला किंचित घासते. त्यानं सुरामागे एक झणझण उठते. तुमच्या तंबोऱ्याला जवारी असते ना, तीच. बाई म्हणायच्या, "हिचा राखणदार त्या झणझणीत बसलाय."

मग टीव्हीवाले आले. 'सुरांचा राखणदार' नावाची मालिका काढत होते. नायक ताकुमाला वाजवायला शिकवायचं काम बाईंना दिलं, आणि त्याच्या हातात मला.

काय सांगू त्या मालिकेचं. माझ्यातला राखणदार म्हणून एक गुळगुळीत पोरगा उभा केला होता. निळे केस, डोळ्यांत दिवे, पंख वेगळेच. तो दर भागात रडायचा आणि त्याचं काजळ काही फिसकटायचं नाही. अहो, आमचे राखणदार पडसं झालेल्या म्हातारीसारखे असतात. खरखरतात, खोकतात, पण घर सोडत नाहीत. त्या बाहुल्याला मी उंदीर राखायलाही ठेवला नसता.

ताकुमा त्याहून वरचढ. नखी अशी धरायचा जणू भाताचं उलथनं. पहिल्याच दिवशी नाक मुरडून म्हणाला, "बाई, ही खरखरते. दुसरी नाही का?"

"दुसरी आहे की," बाई म्हणाल्या. "पण तिला दुसरा माणूस लागतो."

"आवाजवाले तसंही काढून टाकतील हो ती खरखर."

"काढू देत. तू आधी सूर लाव. वाद्य हातात घेतलं की आधी सूर, मग तुझं तोंड."

रोज हेच. तो मला उचलायचा, बाई त्याच्या मनगटावर पंखा मारायच्या, की हा सूर लावायला बसायचा. तोही धड नाही.

शेवटच्या भागात नायकानं शामिसेन दगडावर आपटून फोडायची होती. म्हणजे राखणदार मोकळा होऊन धुरासारखा वर जाणार. त्यासाठी ओगिनो नावाच्या सामानवाल्यानं माझी नक्कल केली. तिला जुनी दिसावी म्हणून चहात बुडवली, मानेवर रंगाच्या भेगा काढल्या. दोघी शेजारी ठेवल्या तर ती माझी पणजी वाटत होती.

फोडायच्या दिवशी बाई म्हणाल्या, "नक्कल असली म्हणून काय, मला बघवायचं नाही." आणि कॅन्टीनमध्ये सोबाच्या शेवया खायला गेल्या. ओगिनोही कसलासा दोर आणायला गेला.

दिग्दर्शक हाताकेनाका आला. दोघींकडे पाहिलं. "ही मळकी बाईंची. जपून आत ठेवा. ही चकचकीत फोडायची."

मित्रांनो, मी किती झणझणले असेन. पण तारेला कुणी हात लावल्याशिवाय आमचं तोंड उघडत नाही. त्या भेगा काढलेल्या भवानीला मखमलीत गुंडाळून नेलं, आणि मला ताकुमाच्या हातात दिलं. समोर दगड. वर पंखवाला बाहुला दोराला लटकलेला, धूर व्हायची वाट बघत.

ताकुमानं मला उचललं. डोक्यावर न्यायची होती. पण त्याचा हात आपोआप खुंटीकडे गेला. सवय, दुसरं काय. पंख्याचा मार मनगट विसरत नाही. त्यानं पहिली तार छेडली.

झण्ण.

तो थांबला. परत छेडली. मग मला हळूच मांडीवर घेऊन खालीच बसला.

"काय झालं?" हाताकेनाका खेकसला.

"ही बाईंची आहे."

"कशावरून?"

"खरखरतेय."

कानाला यंत्र लावलेला आवाजवाला म्हणाला, "हो, तीच ती. प्रत्येक भागात तो दोष मीच तर पुसत आलोय."

"दोष नाहीये तो," ताकुमा म्हणाला. तेवढ्यात वरून बाहुल्यानं विचारलं, "मी उतरू का? लघवीला जायचंय."

बाई आल्या तेव्हा सगळे माना खाली घालून उभे. आवाजवाल्यानं काय झालं ते सांगितलं. बाई ताकुमापुढे बसल्या, माझी तार एकदा छेडली आणि म्हणाल्या, "सूर उतरलेलाच लावलास." मग बाहीतून फडकं काढून त्याच्या हातात दिलं. आजवर ते फडकं त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

मालिका खूप गाजली म्हणे. चहात बुडवलेली फुटली तेव्हा लोक घळाघळा रडले. रडोत बापडे. अजूनही रविवारी ताकुमा येतो, वाईट वाजवतो, पण पुसतो बरं.

तर मित्रांनो, घरच्या जुन्या वस्तूंना पुसा, आणि नुसत्या पुसून ठेवू नका, हातात घ्या, बोलू द्या. त्यांची खरखर काढायला जाऊ नका. कधी तेवढीच ओळख उरते.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते, एक गोष्ट मी पदरची घातली. माझं वय शंभर नाही, अठ्ठ्याण्णव आहे. राखणदार यायला अजून दोन वर्षं आहेत.

मग इतका वेळ तुमच्याशी कोण बोललं, ते तुम्हीच बघा.